दाराआडची खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय. आवाज जरा कुरकुरा वाटेल, पण माझं डावं चाक पहिल्यापासून असंच आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा लांबलचक, गुळगुळीत फरशीचं स्वप्न घेऊनच निघाले. मोठ्या दवाखान्यात ते खरंही झालं, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या सिस्टरांनी मला चादरींच्या खोलीत नेलं, दाराआड उभं केलं आणि वर पांघरूण टाकलं.

सिस्टर वाईट नव्हत्या हो. त्यांच्या वॉर्डातल्या एका आजींना खुर्ची न मिळाल्यामुळे तपासणीला उशीर झाला होता. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. निदान एक तरी हाताशी असावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पण प्रत्येक वॉर्डात अशीच एक मायाळू सिस्टर होती आणि अशीच एक चादरींची खोली.

तिथला अंधार मऊ होता. धुतलेल्या कापडाच्या वासात मी पेंगायची आणि स्वप्नात चालत सुटायची. दारं आपोआप उघडायची, जिने सपाट व्हायचे, मांडीवर कुणीतरी हलकंसं बसलेलं असायचं. जाग यायची ती मामांच्या पावलांनी.

मामा म्हणजे दरवाजावर रुग्णांना गाडीतून उतरवून घेणारे. खुर्चीसाठी ते मजले पालथे घालायचे. खाली लोक ताटकळायचे आणि बोलणी मामा खायचे. दवाखाना चालवणाऱ्या साहेबांनी नव्या खुर्च्या आणल्या. आठवड्याभरात त्यांतली एक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, पांघरुणासकट. शेवटी साहेब म्हणाले की खुर्च्या भरपूर आहेत, माणूसच कामचुकार आहे. महिनाअखेरीला मामांना काढायचं ठरलं. मला रडू आलं. दाराआडून त्यांची धाप मीच तर ऐकत होते.

मेट्रनबाई तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी सगळ्या सिस्टरांना चहाला बोलावलं आणि तेही आमच्याच खोलीत.

“कुणी लपवली ते मला नकोच आहे,” त्या म्हणाल्या. “का लपवावी लागते, तेवढं सांगा.”

आमच्या सिस्टर कपबशी खाली ठेवत म्हणाल्या, “एकदा खाली गेली की परत मिळत नाही.”

“का मिळत नाही?”

“दुसऱ्या वॉर्डात लपवून ठेवतात...” म्हणता म्हणता त्या अडखळल्या आणि सगळ्यांनाच हसू फुटलं. एकीची धास्ती दुसरीला, दुसरीची तिसरीला, फिरून पुन्हा पहिलीकडे. माझ्या चाकासारखं सगळं गोल फिरत होतं. त्यात मामांचा दोष कुठेच नव्हता.

सगळ्या खुर्च्या एकाच वेळी खाली आणायच्या आणि दरवाजापाशीच ठेवायच्या असं ठरलं. सकाळी आमच्या सिस्टरांचा हात माझ्यावरून निघता निघेना. पण त्या मला घेऊन निघाल्या, आणि बघते तर काय, प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची आमच्यात सामील होत होती. जागेपणी असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर एकदा तशाच एका आजींसाठी आमच्या सिस्टर धावत खाली आल्या, तर खुर्च्या होत्याच. मामांना काढायची गोष्टही मागे पडली.

आज दुपारी काम नव्हतं. मामा माझ्यावर बसले आणि चक्क पेंगले. तेवढ्यात साहेब आले. माझी चाकं गार पडली.

“हे काय, कामाच्या वेळी बसलेत?”

मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, “खुर्च्या जागेवर आहेत, म्हणून बसलेत.”

साहेबांनी आमची रांग न्याहाळली आणि पाय न वाजवता निघून गेले.

तेव्हा बाबांनो, गरज पडली तर मला खुशाल न्या. काम झालं की इथे आणून सोडा. आत्ता मात्र जरा शेजारची घ्या. मामांचा डोळा लागलाय.