शेवंतीच्या नावचं घर

लालबागच्या त्या खोलीची भाडेपावती अगदी परवापरवापर्यंत धोंडू परब यांच्या नावाने फाटत होती. धोंडू परब म्हणजे शेवंतीचे सासरे. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली, पाठोपाठ त्यांचा मुलगा, म्हणजे शेवंतीचा नवराही गेला, पण पावती फाडणाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शेवंतीने त्या खोलीत पंचेचाळीस वर्षं काढली. दर उन्हाळ्यात गल्लीतल्या मसालेवाल्यांच्या मिरच्या निवडल्या, भाजल्या, शिंकून शिंकून जीव नकोसा करून घेतला. एवढं करून कागदावर तिचं नाव कुठे नाही. खोली शेवटी तिच्या नावावर झाली, ती विकण्याआधी आठ दिवस. विकायला सही लागते म्हणून.

खोली विकली ती वेंगुर्ल्याच्या घरासाठी. डच वखारीच्या मागच्या वाटेवर एक जुनं कौलारू घर निघालं होतं. जांभ्याच्या भिंती, पुढे पडवी, आणि पडवीत बसलं की बंदराचा वारा. लहानपणी शेवंती याच वाटेने डोक्यावर पेज घेऊन बापाला द्यायला बंदरावर जायची. तेव्हापासून ते घर तिच्या डोळ्यात होतं. माणसाला एवढी वर्षं एक घर आवडत राहावं आणि ते विकायला निघावं, हे नशीबच म्हणायचं. आता म्हातारपणी का होईना, स्वतःच्या नावच्या दारात बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

व्यवहार केला तिच्या धाकट्या भावाने, गुणाजी आरोलकरने. शेवंतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तिला प्रवास कुठला झेपणार? आणि गुणाजी काय परका होता? बाराव्या वर्षी तिनेच त्याला शिकायला लालबागला आणलं. तो अकरा वर्षं याच खोलीच्या पोटमाळ्यावर झोपला. टायफॉइड झाला तेव्हा हिने एकवीस दिवस त्याच्या उशाशी काढले. त्यामुळे "बाये, तू कित्याक धावपळ करतंस? मी आसंय मा?" असं तो म्हणाला, तेव्हा हिने खोलीचे आलेले सगळे पैसे त्याच्या हवाली केले आणि कागद पाहायलाही मागितले नाहीत. भावाकडे कागद मागायचे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं, असं तिचं मत. मला विचाराल तर जरूर मागावेत. पण मला कोण विचारतं?

एक गोष्ट मात्र तिने हौसेने केली. काळ्या दगडावर पिवळी अक्षरं कोरून पाटी करून घेतली: श्रीमती शेवंती महादेव परब. फोनवर गुणाजीला सांगितलं, तर तो म्हणाला, "पाटी सध्या थंयच ठेव. भिंतीक नवो गिलावो केलो हा, ओलो आसा." हिने मुकाट्याने पाटी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली. गिलावा वाळेपर्यंत थांबायला हिची काही हरकत नव्हती.

त्या रविवारी सकाळी शेवंती आणि तिची मुलगी प्राची सामान बांधत बसल्या होत्या. प्राची वडाळ्याला दिलेली, मदतीला आली होती. वेंगुर्ल्याचं घर राहण्याजोगं होईपर्यंत खोली घेणाऱ्याने मुदत दिली होती, ती संपत आली होती; एक तारखेला खोलीचा ताबा द्यायचा होता. इतक्यात फोन वाजला. गुणाजीची सून कीर्ती होती. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले, पोर स्वभावाने साधी, आणि हातात फोन असला की तिला दुसरं काही सुचत नसे.

"आत्या, घराचं गाऱ्हाणं घालतायत! तुम्हाला यायला जमलं नाही ना, म्हणून लाईव्ह दाखवते."

गुणाजीने तर गाऱ्हाण्याला अजून पंधरा दिवस आहेत म्हणून सांगितलं होतं. पण शेवंतीच्या मनात काडीचा संशय आला नाही. आपल्याला दगदग नको म्हणून लपवलं असेल, असं म्हणून तिने डोक्यावर पदर घेतला आणि बोचक्यावरच नीट बसली. पडद्यावर ती पडवी दिसली. पाटावर नारळ, विडा, उदबत्ती. वाडीतले राजाराम हात जोडून उभे. त्यांनी मान वळवून काहीतरी विचारलं आणि फोनकडे पाठ करून उभ्या असलेल्या गुणाजीने त्यांच्या कानात सांगितलं. नाव विचारत असतील. शेवंतीला भरून आलं.

कोकणात नवं घर घेतलं की त्या जागेच्या राखणदाराला आधी कळवावं लागतं. राखणदार दिसत नाही, पण जागा त्याची असते, आपण नुसते राहणारे. त्यासाठी एकजण मोठ्याने गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालतो आणि बाकीचे सगळे मिळून होकार देतात.

"बा म्हाराजा, आज तुझ्या ह्या जाग्यात नवी माणसां इली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पडवीतले ओरडले. लालबागेतून शेवंतीही ओरडली.

"तुका नारळ-इडो ठेवलो आसा, तो मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराचो नवो मालक हेमचंद्र गुणाजी आरोलकर, त्येच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवंतीच्या तोंडून ते निघूनही गेलं. ताटं बांधता बांधता प्राचीचा हात थांबला. हेमचंद्र म्हणजे गुणाजीचा मुलगा, कीर्तीचा नवरा.

"राजाराम, थांब," शेवंती म्हणाली. "नाव चुकलंस तू."

राजारामांनी फोनकडे पाहिलं. "चुकाक नाय, बाये. गुणाजीनच सांगल्यान."

कीर्तीच्या हातातला फोन हलला. पुढे गुणाजीचा चेहरा आला. "बाये, मी मागसून फोन करतंय."

"आत्ताच बोल."

गुणाजी एकदा मागे, एकदा पुढे पाहत बोलू लागला. "अगे, नाव कोणाचा का असाना, घर आपला मा? तू खुशाल रव. तुका कोण भायर काढतलो? पण तुझ्या मागे ता प्राचीच्या सासरच्यांच्या घशात जातला. ह्या आपल्याकडेच रवात. तुझ्याच भल्याचा केलंय."

प्राची ताट खाली ठेवून आईकडे बघत राहिली. शेवंतीला संताप आला होता, पण त्याहून जास्त तिला समजत नव्हतं. सहा महिने हा माणूस रोज फोन करत होता. "तुझ्या घराक कौलां बदलली," "तुझ्या घरच्या बावीक पाणी बरा हा." तुझ्या, तुझ्या, तुझ्या. एकदाही जीभ अडखळली नाही.

"माझ्याशी सहा महिने खोटं बोललास," ती म्हणाली. "मग आजपण माझंच नाव घ्यायचं. मी ऐकत होते. खूश झाले असते. राखणदाराला खरं कशाला सांगितलंस?"

"काय बोलतंस तू बाये!" गुणाजी खरोखरच दचकला. "राखणदाराफुडे खोटा बोलतंत? घरात पोरांबाळां रवतली. काय वायट झाला तर?"

हे तो अगदी मनापासून बोलला, आणि तेच शेवंतीच्या काळजात घुसलं.

मागे राजाराम अवघडून उभे होते. गाऱ्हाणं अर्धवट सोडता येत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि शेवटचं म्हणून टाकलं, "जा काय केला ता सगळ्यांच्या मनाप्रमाणे झाला असा समजान घे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," शेवंती म्हणाली.

पडवीतल्यांचं "व्हय" तोंडातच राहिलं. राजारामांनी उभ्या आयुष्यात गाऱ्हाण्याला नकार ऐकला नव्हता. त्यांनी जोडलेले हात सोडले, नारळाकडे पाहिलं, गुणाजीकडे पाहिलं, आणि पायात चपला घातल्या. "आता ह्या माझ्याच्यान जमाचा नाय," एवढं म्हणून ते पायऱ्या उतरले. मागे गुणाजीची बायको रडायला लागली. शेवंतीने फोन बंद केला.

कागद काही बदलणार नव्हता. घर हेमचंद्रचं होतं आणि राहणार होतं. वकील गाठायचा तर गाठता येईल, प्राची म्हणालीसुद्धा. मग तिने हळूच विचारलं, "आई, एक तारखेला जायचं कुठे? वडाळ्याला चल माझ्याकडे."

शेवंतीने लुगडं सोडून पाटी बाहेर काढली. पदराने पुसली आणि रिकाम्या फडताळात उभी केली. एक तारखेपर्यंत तरी खोली तिची होती.

फोन वाजला. गुणाजी. बंद झाला, पुन्हा वाजला. राखणदारापुढे नकार गेल्यावर आता तो किती घाबरला असेल, हे तिला न बघता कळत होतं. टायफॉइडमध्ये तो तिचा हात असाच सोडत नव्हता. मरेन म्हणून घाबरायचा. हिला मात्र तो जन्मात कधी घाबरला नाही. त्याने घाबरावं असं हिने काही केलंच नव्हतं.

"उचलू?" प्राचीने विचारलं.

"नको. वाजू दे," शेवंती म्हणाली. "राखणदाराला भितो ना? जरा मलापण भिऊ दे त्याला."