गोळ्यांचे पाच वाटे

सन एकोणीसशे अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात मी नागपूरच्या एका रुग्णालयात परिचारकाचे काम करीत होतो. तेथे डॉक्टर मोहरील हे कर्करोगावरील एका नव्या औषधाचे परीक्षण करीत होते. औषध गोळ्यांच्या रूपाने विलायतेहून येई, आणि फार थोडे येई. म्हणून त्याचा नियम कडक होता. मोजक्या रोग्यांना ते द्यावे, दर पंधरवड्यास त्यांच्या गाठी मोजाव्या, रक्त तपासावे, आणि ठरल्या मुदतीत ज्यास गुण दिसणार नाही त्याचे औषध थांबवून ते वाट पाहत असलेल्या दुसऱ्या रोग्यास द्यावे. हा नियम ऐकताना निष्ठुर वाटतो; परंतु वाट पाहणाऱ्या रोग्याच्या खाटेशेजारी उभे राहिल्यास तो तसा वाटत नाही.

त्या मोजक्या रोग्यांत नागभीडकडील खैरतळा गावचा दसरू हा एक होता. तलावातील मासोळीवर त्याचा उदरनिर्वाह चाले. त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंस व काखेत गाठी होत्या. उजवीकडील गाठ कवठाएवढी झाल्यामुळे त्यास मान वळवावयाची असता सर्व अंग वळवावे लागे. त्यास रोज पाच गोळ्या सांगितल्या होत्या. तो आपली पत्नी प्रेमिला हिच्यासह अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीने पंधरवड्यास येई, रिकामी बाटली डॉक्टरांपुढे ठेवी, भरलेली घेऊन जाई. इतर रोग्यांच्या गाठी लोण्यासारख्या वितळत होत्या. दसरूची गाठ मात्र जशीच्या तशी होती.

मुदत संपत आली तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावले. माझा जन्म त्याच मुलखातील, म्हणून दसरूशी बोलण्याचे काम बहुधा माझ्याकडे असे.

"गाठ ओसरत नाही हे मी समजू शकतो, डोमा," ते म्हणाले. "काही गाठी औषधाला दाद देत नाहीत. पण हे औषध पोटात गेले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतातच. याच्या उतरलेल्या नाहीत. गोळ्या त्याच्या पोटात जात नाहीत."

दसरू गोळ्या विकतो की फेकतो, हे त्यांस त्याच्या गावी जाऊन स्वतः पाहावयाचे होते. या खेपेची बाटली त्यांनी दसरूस न देता आपल्या पेटीत ठेवली. संशय खरा ठरल्यास ती बाटली परत नागपुरास यावयाची होती आणि दसरूचे नाव परीक्षणातून कमी व्हावयाचे होते. औषधाशिवाय तो पुढील भातरोवणी पाहील असे डॉक्टरांस वाटत नव्हते. मलाही वाटत नव्हते.

नागभीडला उतरून आम्ही बैलांची रेंगी केली. धान कापून झाले होते व भातखाचरांच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. खैरतळ्याचा तलाव गावाहूनही मोठा आहे. त्याच्या मातीच्या उंच पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, दसरू फाटके जाळे विणीत बसला होता. आम्हांस पाहून तो उठला. त्याच्या मुखावर भय दिसले नाही. पाहुणे आल्याचा संकोच तेवढा दिसला. प्रेमिलाने बाज टाकली. डॉक्टरांनी त्यास बाजेवर बसवून फीत काढली व गाठ मोजली. ती तितकीच होती.

मापन चालू असता चार माणसे हळूहळू येऊन बाजेपाशी ओळीने बसली. पुढे मुखरू नावाचा मध्यम वयाचा गृहस्थ, त्यामागे सुकलू व सोमाजी हे दोघे, आणि शेवटी रुखमाबाई नावाची एक वृद्धा. खेड्यात डॉक्टर आला की अशी ओळ लागतेच, म्हणून मी तिकडे विशेष लक्ष दिले नाही. दसरूचे झाल्यावर मुखरूने आपल्या सदऱ्याची गुंडी काढून गळा पुढे केला.

"आमचं बी पाहा जी सायेब," तो म्हणाला. "गोळी आमी बी घेतो."

डॉक्टरांच्या हातातील फीत तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मुखरूस विचारले, आणि त्याने जे सांगितले ते एखादी चोरी कबूल करावी तसे नव्हे, तर पेरणीपाण्याचे सांगावे तसे सांगितले.

त्या पाच जणांचे जाळे एक आहे. जाळ्यात जे येईल ते पाळीवर आणून पळसाच्या पानांवर पाच वाट्यांत मांडावयाचे, अशी त्यांची पूर्वापार रीत आहे. कोणी आजारी असो, गावास गेलेला असो, त्याचा वाटा पडतोच. एखाद्याला बाहेरून काही मिळाले, मग ती शिकार असो वा लग्नघरचा शिधा, तरी तेही वाट्यांत पडते. पहिल्या खेपेस दसरू बाटली घेऊन आला तेव्हा गोळ्या रोज पाच आणि माणसेही पाच. तेव्हा कोणाच्या मनात शंका येण्यास जागाच उरली नव्हती. मुखरूच्या गळ्याला जुन्या गंडमाळा, म्हणजे गाठी, होत्या, म्हणून त्याला तर ते औषध आपल्यासाठीच आले असे वाटले होते. सुकलूची तक्रार एवढीच होती की गोळीला चव नाही.

"चवीसाठी घेत होतास काय गा?" मुखरू त्याला म्हणाला. "अळनी मासोळी समजून गिळ म्हनलो होतो ना."

डॉक्टरांनी रुखमाबाईस विचारले की तुम्हांला काय झाले आहे.

"मले काई झालं नाई जी," ती म्हणाली. "पन वाटा हाय ना माया."

तो वाटा तिच्या मृत पतीचा होता. पती गेल्यावरही जाळ्याने तो बंद केला नव्हता. एक जरी वाटा नाकारणे म्हणजे जाळ्यातून निघणे, असे ती समजत होती.

डॉक्टर संतापले असावेत, परंतु त्यांनी आवाज चढविला नाही. त्यांनी चौघांचेही रक्त काढून घेतले, कारण निरोगी माणसाच्या अंगी हे औषध अपाय करू शकते. मुखरूला त्यांनी क्षयाच्या तपासणीसाठी नागपुरास येण्यास सांगितले. नंतर सर्वांस बसवून समजाविले की हे औषध विषाच्या कुळातील आहे. ते रोगास मारते आणि मात्रा चुकल्यास माणसासही मारते. विष म्हटल्यावर चौघे आपण होऊन मागे सरतील अशी त्यांची अपेक्षा होती. माझीही तीच होती.

मुखरू उलट पुढे सरकून बोलला. 

"जहर हाय तं मंग एकट्याच्या आंगावर कसं जाऊ द्याचं जी? पाचात वाटून हलकं होते."

डॉक्टर दसरूकडे वळले. ते म्हणाले, "तुम्ही पाचही गोळ्या एकट्याने घेणार असाल तर ही बाटली येथे राहील. नाही तर मी ती परत नेतो. दुसरा एक माणूस तिची वाट पाहत आहे."

दसरूने मान खाली घातली. ती त्याला पुरती खाली घालता येत नव्हती. "चार जनाच्या म्होरं एकट्यानं कसा खाऊ जी?" तो म्हणाला. "न्या तुमी."

डॉक्टरांनी पेटी बंद केली. गाडीवान बैल जुंपू लागला. प्रेमिला तोपर्यंत झोपडीच्या कुडाला टेकून उभी होती. ती माझ्याजवळ आली व हलक्या आवाजात तिने विचारले की औषध गेले तर काय होईल. असल्या प्रश्नास रुग्णालयात आम्ही आडवळणाने उत्तर देत असू. तेथे, त्या पाळीवर, मला ते जमले नाही. मी सांगितले की रोवणीपर्यंत तो राहणार नाही.

तिने ते ऐकून घेतले. नंतर ती वाटे मांडणाऱ्या रुखमाबाईपुढे जाऊन बसली आणि तिने पदर पसरला.

या कृतीचा अर्थ मला नंतर उमगला. जाळ्याच्या रीतीत वाटा चुकवता येत नाही, परंतु मागता येतो. ज्याच्या घरी लग्न वा मरण असेल त्याने इतरांचे वाटे मागावे आणि त्यांनी द्यावे. मागणे मात्र फार कमीपणाचे समजतात. दसरूच्या बापाने जन्मात कधी मागितले नव्हते, आणि दसरूनेही मागितले नसते.

"तुमचा वाटा मले द्या वो बाई," प्रेमिला म्हणाली. "याचं दुखनं हाय तवरीक."

दसरू तिच्यावर खेकसला. रुखमाबाईने त्याला हाताने थांबविले.

"तू चूप राय गा. तुयात दम असता तं तूच मांगतला असता." मग ती प्रेमिलाकडे वळली. "मांगाले लय उशीर केलीस पोरी."

तिने डॉक्टरांकडे बाटली मागितली. डॉक्टरांनी पेटी उघडून ती दिली. सोमाजीने पळसाची पाने आणली. रुखमाबाईने त्या दिवसाच्या पाच गोळ्या पाच पानांवर, मासोळीचे वाटे मांडतात त्याच क्रमाने, मांडल्या. प्रत्येकाने आपापले पान उचलले. नंतर मुखरूने आपल्या पानावरील गोळी दसरूच्या तळहातावर ठेवली, सुकलूने ठेवली, सोमाजीने ठेवली.

"माया वाटा तुले देल्ली," शेवटी रुखमाबाई म्हणाली.

पाचवी गोळी दसरूची स्वतःची होती. त्याने पाचही तोंडात घातल्या व प्रेमिलाने पाणी दिले. डॉक्टर उभे राहून पाहत होते. त्यांनी मला एवढेच विचारले की हे रोज होईल काय. मी रुखमाबाईस विचारले. ती म्हणाली की वाटे रोजच पडतात.

बाटली खैरतळ्यास राहिली. परतीच्या गाडीत डॉक्टरांनी दसरूच्या मापांची वही काढली. मागील सर्व मापे त्यांस रद्द करावी लागली, कारण ती एका गोळीची मापे होती, पाचांची नव्हती. चौघांच्या रक्तात सुदैवाने अपाय आढळला नाही. मुखरूला क्षयाची औषधे चालू झाली. ती तो एकट्याने घेई की वाटून, हे डॉक्टर त्याला प्रत्येक वेळी विचारीत. तो प्रत्येक वेळी म्हणे की वाटे मागून घेतले आहेत.

पुढील पंधरवड्यात दसरूच्या रक्तातील पांढऱ्या पेशी उतरल्या. उन्हाळ्यात गाठ बोराएवढी झाली आणि तो मान वळवून बोलू लागला. त्या वर्षीची रोवणी त्याने पाहिली, त्यापुढचीही पाहिली. तिसरीच्या आधी गाठी परत आल्या आणि या वेळी पाच गोळ्यांनी, अथवा अधिकांनीही, त्या हटल्या नाहीत. नव्या औषधाची त्या काळी एवढीच मजल होती. डॉक्टरांनी दसरूच्या नावापुढे त्याला मिळालेला काळ लिहिला आणि तो इतर रोग्यांच्या काळात मिळविला.

दसरू गेल्यानंतर एकदा कामानिमित्त नागभीडला गेलो असता मी खैरतळ्यास जाऊन आलो. सकाळची वेळ होती आणि जाळे नुकतेच पाळीवर आले होते. रुखमाबाई वाटे मांडीत होती. पाने पाचच होती, आणि पाचवे प्रेमिलाने उचलले.