वासरू कुणाच्या पाठीवर?

मित्रांनो, माझ्या मालकिणीचं, नोलारीचं अख्खं घर जिच्या पाठीवरून माळामाळाने फिरलं, ती म्हातारी गाढवी मी. मी ओरडले की किलिमांजारोवरचा बर्फ घसरतो. खोटं वाटत असेल, तर तिथं आता किती उरलाय ते बघून या!

पण आमच्या मासाई लोकांत माझं कौतुक कुणाला? मान सगळा गाईंचा. त्या ठिपकेवालीला नाव आहे, केरी. धन्याचा हात तिच्या पाठीवरून फिरतो, माझ्या पाठीवरून फिरतो तो दोर. पाणी मी वाहायचं, प्यायचं तिनं. मत्सर वाईट म्हणतात. पण चारा तिनं संपवल्यावर मी जगले ती मत्सरावरच!

त्या दुष्काळात दोरानं माझा कणा सोलला. जखमेवर माश्या बसू लागल्या. नेमकं तेव्हाच धन्यानं, पार्सालोईनं फर्मान काढलं, "उद्या तळ हलवायचा. केरीचं वासरू या गाढवीवर बांधा."

माझ्या वैरिणीचं लेकरू माझ्या पाठीवर! पण खरी भीती निराळीच होती. वाटेत बसलेल्या गाढवासाठी आमच्यात कुणी थांबत नाही. तरस तेवढा थांबतो.

नोलारी माझी जखम मिठाच्या पाण्यानं धूत होती. शेजारी पोत्यात गवत भरून शिवलेल्या गाद्या होत्या. बाजारात आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला त्या शिवायला शिकवल्या होत्या. कणा मोकळा, भार दोन्ही कुशींवर.

"गाढवाला गादी?" पार्सालोई हसला. "उद्या उशी मागेल!"

"सिमेलच्या बापा," नोलारी नवऱ्याला म्हणाली, "गाद्या बाकीच्या गाढवांना. हिच्यावर आता काडीही चढणार नाही."

"मग वासरू?"

"तुमच्या लाडकीचं ना? घ्या मानेवर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर गाढवांवर घरही तुम्हीच बांधा."

तिची सवत सितेया लांबूनच ओरडली, "बांधू द्या बाई! बघायला सगळा मुलूख लोटेल!"

आमच्याकडे गाढवं बायकांची. बोजा कसा आवळायचा ते पुरुषांना येत नाही, आणि शिकायची लाज वाटते.

सकाळी निघालो. मी मोकळी, पुढं धनी, त्याच्या मानेवर वासरू. मला सुख वाटावं ना? कुठलं! धन्याच्या मानेवर बसायला मिळालं तेही तिच्याच लेकराला, म्हणून मी जळतच होते.

वासरू सारखं वळवळायचं. उन्हं डोक्यावर येईतो धन्याची मान लालभडक सोलून निघाली. तो मागं आला, हळूच म्हणाला, "नोलारी, एखादी गादी मिळेल का गं?"

"गाद्या गाढवांच्या आहेत," ती म्हणाली, आणि खांद्यावरचं फडकं घडी करून तिनं त्याच्या मानेवर, वासराखाली सारलं.

तेव्हा कुठं पार्सालोईनं माझ्या पाठीकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

मित्रांनो, गाईइतका मान मी मागत नाही. मागितला तरी कोण देणार! पण बोजा चढवण्याआधी आमच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. हाताला ओल लागली, तर दोर खाली ठेवा. स्वतःची मान सोलून निघेपर्यंत थांबू नका.