केल्लूचं पोतं

"बाई, तुम्ही स्वतः खाता का आमचं दिहे?"

प्रश्न यागानाचा नव्हता. झारा आणि वर्गातल्या चौघींनी पैज लावली होती, की राजधानीहून आलेल्या तपासनीस बाईंना हे विचारून दाखव, आठवडाभर तुझ्या घरचं पाणी आम्ही भरतो. गेल्या वर्षापर्यंत फळ्यासमोर उभं राहिलं की यागाना नुसती पुटपुटायची. यंदा फ्रेंचमध्ये तिचा पहिला नंबर आला आणि जिभेला पंखच फुटले. तळ्याकाठच्या साऱ्या बायकांदेखत तिने खणखणीत आवाजात विचारलं. मागे झाराने हसू दाबायला ओढणीच तोंडात कोंबली.

सोलांजबाई रागावल्या नाहीत. रश्श्यात शिजवलेलं दोन ताटं खाते म्हणाल्या, पण कच्चं खायचं तर आधी तपासून घेईन.

कच्चं? बायकांत खसखस पिकली. दिहे म्हणजे तळ्यावर धरणारी हिरवी साय. वाळवलेली वडी कुटायची, पाण्यात कालवायची, वाळू तळाशी बसली की वरचं हिरवं पाणी ओतून घ्यायचं आणि रटरटा उकळायचं, हे इथल्या रांगत्या पोरीलाही ठाऊक. कच्चं प्यायला ते काय बकरीचं दूध आहे?

बाई मात्र गंभीर झाल्या. शहरातले लोक त्याच्या गोळ्या गिळतात, उकळत नाहीत. आणि काठावरची ही पुडीची आठ पोती इस्पितळात जायची आहेत. तिथे सुकलेल्या, हाडं दिसणाऱ्या मुलांच्या गार पेजेवर ही पूड भुरभुरतात. म्हणून तर कापडातून गाळा, उंच चौकटीवर वाळवा म्हणून वर्षभर घसा कोरडा केला. वाळूवर गाढवं फिरतात, बकऱ्या लेंड्या टाकतात. ती घाण धडधाकट माणूस पचवून जाईल, ते मूल नाही पचवणार.

यागानाच्या अंगातलं वारं तिथेच पडलं. परवा सकाळी तिची आई केल्लू झोपडीमागे बसून वाळूवर वाळवलेल्या जुन्या वड्या कुटत होती. ती पूड कुठल्या पोत्यात गेली तेही तिने पाहिलं होतं, आणि काही न सुचून शाळेत निघून गेली होती.

बाई एकेका पोत्यातून चिमूटभर पूड डबीत भरून घेत चालल्या. केल्लूच्या पोत्याशी आल्या तशी म्हातारी फान्ने पुढे झाली. तळ्यात कुणी, कधी, कितव्या नंबरने उतरायचं हे फान्ने ठरवते. ती म्हणाली, "हे नका उघडू. बावीस वर्षांत केल्लूच्या दिहेत कुणाच्या दाताखाली खडा आलेला नाही."

केल्लू आपल्या पायांकडे बघत राहिली. बाईंनी डबी मिटली.

दुपारी आई, बाप आणि यागाना अशी तिघं घरी जेवायला बसली. बाजरीचा गोळा, वर दिहेचा रस्सा. यागानाने ताट सरकवून सगळं बोलून टाकलं.

केल्लूने आधी हात धुतले. हिरव्या पडलेल्या त्या नखांवरून बराच वेळ पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, पंधरा दिवस तापाने अंथरुणात होते, तुला माहीतच आहे. पोतं अर्धंच भरलं. सगळ्यांची पोती टम्म उभी आणि केल्लूचं तेवढं आडवं पडलेलं, कसं दिसलं असतं? "आणि मला वाटलं, उकळतीलच की. दिहे न उकळता खाणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही, पोरी."

"आज कळलं ना पण."

"कळलं. आता काय करू, सांग. ज्या बाईचं पोतं भेसळीचं निघेल तिने वर्षभर तळ्यात उतरायचं नाही. हा नियम झाला तेव्हा पहिला हात माझाच वर होता."

यागानाने बापाकडे पाहिलं. मोदूने दाढी खाजवली. पुरुषाचा पाय पडला तर तळं आटतं म्हणतात, म्हणून जन्मभर तो काठापासून शंभर पावलांवर उंट बांधत आला होता. तो पुटपुटला, तळ्याच्या भानगडीत मी तोंड घालत नाही, आणि तूही घालू नकोस; आईची लाज ती लेकीची लाज.

बोलताना त्यालाच ते पटत नसावं. त्याने नजर ताटात घातली.

लांबून ट्रक सुरू केल्याचा आवाज आला. पोती चढवून तो तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर निघणार होता. केल्लू तशीच बसून होती. तापाने खांदे उतरले होते. पहाटे फान्नेची हाक आली की सगळ्यात आधी पाण्यात उतरणारी ही बाई वर्षभर काठावर बसून काय करील, हे यागानाला डोळ्यांसमोर दिसलं आणि तिचं धाडस पार गळालं. मग तिला गार पेजेची वाटी दिसली.

ती उठली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला.

"अब्बा, आई, मी बाईंकडे चाललेय. ते पोतं ट्रकवरून उतरवायला सांगणार. आई, तू सोबत आलीस तर तू बोल, मी गप्प राहीन. नाही आलीस तर मी बोलेन, आणि तुझं नाव घेऊन बोलेन."