साडेसोळा इंची पाठ

"सॅकच खोटी आहे," मापबाई म्हणाल्या आणि दहा किलो वाळू पाठीवर घेऊन दुकानाच्या जिन्यात तशाच उभ्या राहिल्या. "कारखान्यानं अख्खा गठ्ठा लांब शिवून पाठवलाय."

जिन्याखाली शिलाई मशीनवर बसलेल्या कारागिरानं मान वर केली. तुटके पट्टे, बिघडलेल्या चेनी दुरुस्त करणं हे त्याचं काम. शिवतो कमी आणि उसवतो जास्त, म्हणून सगळे त्याला उसवणराव म्हणत.

"बावीस वर्षांत तुम्ही एकाही बाईला सॅकमध्ये खोट काढू दिली नाहीत," तो म्हणाला. "आज तुम्हीच आळ घेताय?"

"आळ नाही, पुरावा आहे. या इकडे." त्यांनी कमरेचा पट्टा हाडावर नीट बसवून करकचून आवळला. कमरेला तो बसला, पण खांद्याचे पट्टे खांद्यांवर टेकेनात. पट्टा आणि खांदा यांच्यामध्ये दोन बोटं हवा होती.

डोंगरात चार-चार, सहा-सहा दिवस चालायला जाणाऱ्या बायकांना सॅक मापून देणं, हा मापबाईंचा पेशा. दुकानात आलेली बाई आधी आपली उंची सांगायची. "उंची मी विचारलीच नाही," मापबाई म्हणायच्या, "तिचा संबंध पायांशी. मला पाठ दाखवा." मग मान खाली घालायला लावायच्या. मानेखाली जे हाड वर येतं त्यावर टेपचं टोक धरायच्या आणि कमरेच्या हाडांवर दोन्ही अंगठे ठेवले की मध्ये जी रेघ येते तिथपर्यंत टेप न्यायच्या. ताडमाड बाईची पाठ चौदा इंच निघायची आणि टिचभर बाईची सतरा. कुणी नवऱ्याची सॅक घेऊन आली, तर तिला सरळ सांगायच्या, "हे पट्टे त्यांच्या खांद्यांसाठी शिवलेत, तुमच्या छातीवर कात्रीसारखे चालतील. सॅक घरी ठेवा. हवं तर नवऱ्यालाही ठेवा." शेवटी सॅकमध्ये वाळूच्या पुरचुंड्या भरून जिना बारा वेळा चढायला लावायच्या. "ओझं कमरेनं उचलायचं. खांद्यांनी नुसती सोबत करायची."

चढताना बायकांनी कंटाळू नये म्हणून त्या गोष्टी सांगायच्या. एका खिंडीत म्हणे वाऱ्यानं त्यांना सॅकसकट उचललं आणि पलीकडच्या धारेवर अलगद ठेवलं, दोन दिवसांची चाल वाचली. एकदा एक अस्वल तासभर त्यांच्या मागून आलं आणि सॅक व्यवस्थित बसली आहे याची खात्री पटल्यावर परत गेलं. बायका डोळे विस्फारून ऐकायच्या आणि बारा वेळा चढून व्हायचं.

खरी गोष्ट एवढीच, की या जिन्यापेक्षा उंच मापबाई कधी चढल्याच नव्हत्या. आधी मुलं लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग नवऱ्याचे गुडघे गेले. दुकानात हे ठाऊक होतं एकट्या उसवणरावाला. आणि आता, चौपन्नाव्या वर्षी, येत्या रविवारी, धाकटी नणंद आणि तिच्या तीन मैत्रिणी यांच्याबरोबर त्या सहा दिवसांसाठी निघणार होत्या. सॅक निवडायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. आपली पाठ साडेसोळा इंच, हे त्यांना जन्मतारखेसारखं ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मालकिणीनं मापून सांगितलं होतं.

उसवणरावानं सॅक उतरवून घेतली, उलटी केली आणि टेप लावला. "साडेसोळा. कारखान्याची चूक नाही." टेप त्यानं हातातच ठेवला. "बाई, मान खाली घाला."

"माझं माप मला माहीत आहे."

"मलाही माझं वजन माहीत आहे. काटा ऐकत नाही."

त्या पहिल्या दिवसानंतर बावीस वर्षांत मापबाईंच्या पाठीला कुणी टेप लावला नव्हता. त्यांनी मान खाली घातली, कमरेवर अंगठे ठेवले. टेप वरून खाली आला.

"पंधरा."

"परत घ्या."

"पंधराच."

"तुमचा टेप वापरून ताणलाय. ताणलेला टेप कमी दाखवतो."

उसवणरावानं त्यांच्याच गळ्यातला टेप काढून घेतला. पंधरा. मग लाकडी पट्टी आणली. पंधरा. रोज जिभेवर चार टोमणे तयार असणारा माणूस, पट्टी हातात घेऊनच मशीनवर जाऊन बसला.

मापबाई पायरीवर टेकल्या. "पाठ विशीनंतर बदलत नाही," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. "बदललीच, तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा." त्यावर बायका हमखास हसायच्या. दीड इंच. एवढं बक्कल खाली पडलं तरी माणूस वाकून शोधतो. त्यांची नजर खरोखरच जमिनीवरून फिरली.

"गेला कुठे हो?" त्यांनी विचारलं.

उसवणरावानं मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं.

गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंनी दुपारी फोटो काढला आणि खिडकीशी धरला. तीन मणके, उशीवर कुणी बसून उठावं तसे चेपलेले.

"पडला होतात कधी?"

"नाही."

"पाठीत कळ आली होती?"

"थंडीत एकदा चमक आली. शिंकले तेव्हा. शेक घेतला आणि कामावर गेले."

"अहो, मणका मोडला होता तुमचा."

"शिंकेनं?"

"हाडं ठिसूळ झाली की शिंकही पुरते. वर तुम्ही वाळू उचलत राहिलात." डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. त्यांच्याही पाठीचं माप मापबाईंनीच घेतलं होतं. अस्वलाची गोष्ट त्यांनीही ऐकली होती. "दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. सपाटीवर हवं तेवढं चाला. डोंगर मात्र नाही."

"किती दिवस?"

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. "पाठीवर ओझं घेऊन कधीच नाही."

संध्याकाळी नणंदेनं ऐकलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, तुमचं सामान आम्ही चौघी वाटून घेतो," ती म्हणाली.

"आणि मला कोण वाटून घेणार?"

"मग मीही जात नाही."

"जायचं. माझ्या हातचं माप आहे तुमच्या पाठीवर, वन्सं. ते वाया घालवू नका."

रविवारी सकाळी पायवाटेच्या तोंडाशी चौघी बुटांच्या नाड्या बांधत होत्या. समोरून मापबाई आल्या. त्यांच्या पाठीवर गच्च फुगलेली सॅक होती, पंधरा इंची, कमरेवर आणि खांद्यांवर अशी बसलेली की बोट शिरू नये.

नणंदेनं नाडी अर्धवट सोडली. "वहिनी, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"दोन किलो म्हणाल्या. ही पावणेदोन भरते. सॅक भरलेली दिसावी म्हणून दुकानात आम्ही आत कागदाचे बोळे कोंबतो. ते काढले नाहीत."

यावर कुणालाच हसू आलं नाही. पाचही जणी ओढ्याच्या कडेनं सपाट वाटेनं निघाल्या. मापबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. अर्ध्या तासानं लाकडी साकव आला. पलीकडून चढ सुरू होत होता.

"मी इथून वळते," मापबाई म्हणाल्या.

नणंदेनं त्यांच्या दंडाला हात लावला, काढून घेतला आणि ती साकवावर चढली. चार सॅका वळणाआड जाईपर्यंत मापबाई उभ्या होत्या. चौथीचं टोक दिसेनासं झालं, तशा त्या माघारी फिरल्या.

परतताना समोरून दोन मुली आल्या. नव्याकोऱ्या सॅका, पहिल्याच दिवसाचा उत्साह. वाट एका माणसापुरतीच होती. धाकटीनं थोरलीला कोपरानं ढोसलं, "थांब गं, त्यांना आधी जाऊ दे. वरून आल्यात त्या." दोघी दरडीला पाठ लावून अंग चोरून उभ्या राहिल्या.

"किती दिवस होतात वर?" थोरलीनं आदरानं विचारलं.

मापबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान किंचित लववून त्या दोघींपुढून गेल्या. पावलागणिक पाठीवर कागद कुरकुरत होता. तो मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून, त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत मापबाई अगदी सावकाश चालल्या.