सात नंबरची ॲलर्जी

गिरधरभाऊंनी दिपमालाला प्रशिक्षणाला पाठवलं ते ताकीद देऊनच. "शिकून घे. पण आपलं काही बाहेर द्यायचं नाही."

जळगावातल्या त्यांच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर कितीतरी दवाखान्यांत चालायचं. डॉक्टर वैतागलेले असत, पण सोडून जाता येत नसे; त्यातली माहिती दुसऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरला वाचता यायची नाही. दिपमाला तिथे प्रोग्रॅमर होती. प्रशिक्षण होतं नेमकं याच्या उलट गोष्टीचं: एका दवाखान्यातून निघालेली पेशंटची माहिती दुसऱ्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला जशीच्या तशी कळली पाहिजे. शिकवायला हेमलता मॅडम होत्या. कौतुक हा शब्द त्यांना माहीत नसावा.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. पेशंट खोटी, साक्रीची भागाबाई. तिला पेनिसिलिनची ॲलर्जी. दिपमालाने तिची माहिती वर्गातल्याच, धुळ्याच्या एका कंपनीतल्या दीपकच्या सॉफ्टवेअरला पाठवली. भिंतीवरच्या पडद्यावर नाव आलं, वय आलं. ॲलर्जीपुढे आलं, 'नाही'.

"मेली ही बाई," मॅडम म्हणाल्या. "कुणी मारली?"

दीपक हसला. "यांचा माल तसाच आहे मॅडम. डॉक्टर रडत रडत आमच्याकडे येतात."

दिपमालाने काय पाठवलं गेलं ते उघडून पाहिलं. पेनिसिलिनच्या जागी नुसता सात. तो कंपनीचा स्वतःचा आकडा. बाहेरच्या कुणाला त्याचा अर्थ कळणं शक्यच नव्हतं. सगळ्या कंपन्यांसाठी ठरलेला पेनिसिलिनचा कोड त्याच्याजवळ जोडला की काम होणार होतं. तिने गिरधरभाऊंना फोन करून परवानगी मागितली. भाऊ गाडी काढून अर्ध्या तासात स्वतःच प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये आले.

"सगळ्यांसमोर आपली अब्रू काढतेस?"

"भाऊ, एक ओळ घालायची आहे. खऱ्या पेशंटला असं झालं तर?"

"आज एक ओळ, उद्या बठ्ठं, सगळंच मागतील!" भाऊंचा आवाज चढला आणि बोली अमळनेरची अहिराणी झाली. "हाऊ मना धंदा शे, तुना नही!"

"धंदा दवाखान्यांचा करताय," हेमलता मॅडम म्हणाल्या. "बाहेर जा, माझा वर्ग चालू आहे."

भाऊंनी दिपमालाच्या बोटांखालून लॅपटॉप ओढून घेतला. "उद्यापासून येऊ नको," म्हणाले आणि निघून गेले.

तिचे कान तापले होते. बाकीचे आपापल्या पडद्यांत डोकं घालून बसले. दीपक मात्र अजून हसतच होता, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती उठून त्याच्या टेबलापाशी गेली.

"आम्ही सात पाठवला, ती आमची चूक. पण तुला सात कळला नाही, तर तू 'नाही' का लिहिलंस?"

"रिकामं दिसलं की डॉक्टर फोन करून डोकं खातात."

"म्हणून खोटं लिहायचं?"

"माझ्या सॉफ्टवेअरचं मी बघून घेईन. तुझं तर आता सॉफ्टवेअरही नाही."

"बरोबर बोलतेय ती," मॅडम त्याला म्हणाल्या. "दुरुस्त करा, नाहीतर तुम्हीही नापास."

दीपकने शिव्या पुटपुटत बदल केला. दिपमाला मागे उभी राहून चुका काढत राहिली, आणि दर चुकीला त्याने कीबोर्ड आणखी जोरात बडवला. मॅडमनी मघाचीच माहिती त्याच्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा चालवली. या वेळी लाल अक्षरांत आलं, 'ॲलर्जीची नोंद आहे, कशाची ते वाचता आलं नाही. पेशंटला विचारा.'

"जगेल कदाचित," मॅडम म्हणाल्या. दीपकला प्रमाणपत्र मिळालं. दिपमालाला त्यांनी सांगितलं, "तुमचं सॉफ्टवेअर नापास आहे. तुम्हाला देता येणार नाही."

"मी मागितलंय का?"

ती बाहेर आली. आता घरी मुक्ताईनगरला काय सांगायचं, याचा विचार करत ती फाटकाशी उभी होती. दीपक मोटरसायकल घेऊन आला आणि थांबला.

"आमच्याकडे धुळ्याला जागा आहे."

"तुझ्या हाताखाली?"

"मग काय, माझ्या डोक्यावर?"

"तुझ्या साहेबांचा नंबर दे. त्यांच्याशीच बोलेन. आणि कळलं नाही तिथे तू 'नाही' लिहीत होतास, तेही सांगेन."

दीपकने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग नंबर सांगितला, आणि गाडीला किक मारली.