विमान थांबवणारी

सुजाताच्या घरी ताटात भाजीआधी परीक्षा वाढल्या जायच्या. नवरा प्रफुल्ल मंत्रालयात नोकरीला. जेवायला बसला की मोबाइल काढायचा. समोर त्याचा धाकटा भाऊ यशदीप, आयआयटीसाठी दुसऱ्यांदा बसणारा, मान खाली घालून वरण-भात कालवत राहायचा.

"चीनमधी एका परीक्षेले एक कोटीच्या वर पोट्टे बसते," प्रफुल्ल वाचून दाखवायचा. " अन् कोरियात तं इंग्रजी ऐकायचा पेपर असला का विमानंबी उतरू देत नाही! त्यायच्यापुढं तुह्यं काय हाय रे?"

"जेवू द्या न त्याले," सुजाता म्हणायची. यशदीपचा घास दिवसेंदिवस लहान होत चालला होता, ते तिला दिसत होतं. पाच वर्षांची निधी मात्र डोळे मोठे करून ऐकायची.

त्या रविवारी दुपारी यशदीप खोलीत सराव पेपर सोडवत होता. कणीक मळता मळता सुजाताच्या लक्षात आलं, घर फारच गप्प आहे.

"निधी?"

पलंगाखाली नाही, बाथरूममध्ये नाही. बाहेरचं दार मात्र उघडं. सकाळी टाकी धुणारे येऊन गेले होते. गच्चीचं दार उघडंच राहिलं असणार. कणकेच्या हातानंच ती जिना चढली.

निधी गच्चीच्या कठड्याशी होती. बादली पालथी घालून तिच्यावर उभी, पोट कठड्यावर, टाचा उचललेल्या. यशदीपचा लाल टॉवेल दोन्ही हातांनी हलवत होती. खाली चार मजले. समोरून जवळच्या विमानतळाकडे विमान उतरत येत होतं.

ओरडावं तर पोर दचकेल. धावावं तर तेच.

"निधी, खाली ये बेटा," ती कशीबशी पुटपुटली.

"मम्मा, चुप! काका का पेपर चालू है."

"झाला पेपर."

"झूठ. घंटी कहाँ बजी?"

टॉवेल आणखी बाहेर झुकला. सुजातानं बांगड्यांचा हात टाकीच्या लोखंडी पाइपावर आपटला. टण. टण. टण. काचा फुटल्या, मनगट चिरलं.

निधीनं हात खाली घेतले. शहाण्यासारखी बादलीवरून उतरली. पुढच्या क्षणी ती आईच्या कवेत होती.

आवाजानं यशदीप धावत वर आला. त्यानं बादली पाहिली, टॉवेल पाहिला, वहिनीचं रक्त पाहिलं.

"काका, पूरा हो गया न?" निधीनं विचारलं.

खाली अर्धा पेपर कोरा पडला होता. "हव," तो म्हणाला.

रात्री जेवताना सुजाताच्या मनगटाला पट्टी होती. प्रफुल्लनं त्या दिवशी मोबाइल काढला नाही. तेवढ्यात घरावरून विमान घरघरत गेलं. निधीचा घास थांबला, नजर काकाकडे वळली. सुजातानं तिचा फ्रॉक मुठीत धरला.

"जाऊ दे त्याले," यशदीप म्हणाला. "मी लिहीन." आणि त्यानं मोठा घास घेतला.

सुजाताची मूठ मात्र सुटली नाही.